रस्त्याकडे पाठ केलेला किल्ला

किल्ल्याची पाठ रस्त्याकडे करून दिवाळी साजरी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तो माझा शेजारी निघाला.

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा तिथे बैठी घरं होती, मातीचे रस्ते होते आणि मागे डोंगर होता. मी शाळेत शिकवायचे, म्हणून आळीनं माझं नाव बाजूला टाकून मला ‘बाई’ करून टाकलं. सासूबाईसुद्धा बाई म्हणायला लागल्या, आता बोला. तर ती माझी तिथली पहिली दिवाळी. दारोदारी पोरांनी किल्ले केले होते. दगड-विटा रचून वर चिखल लिंपलेला, त्यावर हळीव पेरून उगवलेली हिरवळ, सगळ्यात वर सिंहासनावर महाराज, आणि खाली पायऱ्यापायऱ्यांवर मावळे. सगळे किल्ले अर्थातच रस्त्याकडे तोंड करून. किल्ला करायचा तो चार लोकांनी थांबून बघावा म्हणूनच ना?

आणि आमच्या शेजारच्या अंगणात हा एक. रस्त्यावरून दिसत होती ती नुसती शत्रूची छावणी. तंबूंच्या रांगा, तोफा, तोफांपुढे मातीनं भरलेल्या इवल्या इवल्या टोपल्या, तटाच्या दिशेनं नागमोडी खणत नेलेले चर, आणि आपल्याकडे पाठ केलेले सैनिक. त्यांच्या पलीकडे किल्ल्याचा उंच बोडका तट. महाराज नाहीत, मावळे नाहीत, हळिवाचं एक पान नाही. डोक्यावर काळी टोपी, अंगात गळाबंद कोट, अशा थाटात एक गृहस्थ उकिडवे बसून चिमट्यानं तंबूची काडी रोवत होते.

“महाराज कुठायत हो?” मी विचारलं.

“आत आहेत,” ते मान वर न करता म्हणाले. “कामात आहेत.”

हे भाऊ तेंडोलकर.

मूळचे मालवणकडचे. फोर्टातल्या एका छापखान्यात ब्लॉक करायच्या खात्यात होते. चित्र छापायचं तर आधी त्याचा धातूचा ठसा करावा लागतो, त्याला ब्लॉक म्हणायचे. जस्ताचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून हा ठसा काढायचा. त्या ॲसिडानं भाऊंची बोटं कायमची पिवळी झालेली. नवीन माणसाला वाटायचं की हळद लागलीय. माणूस गरीब गाय वगैरे मुळीच नव्हता. तापट होते, कोटाच्या इस्त्रीबद्दल भलतेच चोखंदळ होते, आणि पत्ते खेळताना सर्रास लबाडी करायचे. पकडलं की वर आपल्यावरच चिडायचे. आमच्या ह्यांनी एकदा त्यांच्या कोटाच्या बाहीतून बदामाचा एक्का काढून दाखवला, तर म्हणाले, “सापडला का? मी मघापासून शोधतोय.” आणि डाव पुढे चालू.

त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर, जिथे लोक देवांच्या तसबिरी लावतात, तिथे चार-पाच विलायती चित्रं होती. काळ्या शाईत छापलेली, कडा पिवळ्या पडलेली, आणि सगळीच्या सगळी वेढ्याची. कुणी गोरा साहेब चंबूगबाळं आवरून मायदेशी गेला, त्याच्या घरातली रद्दी बाजारात आली, त्यात ही भाऊंना सापडली. कुठल्या तरी थंड मुलखातली गावं. गाव वरून बघितल्यासारखं, घारीला दिसेल तसं. तटाला टोकं काढलेली, आत छपरांची दाटी, मध्ये चर्चचा मनोरा. भोवती फौजच फौज. तोफांच्या तोंडी धुराचे गोळे. आणि प्रत्येक चित्रात खाली कोपऱ्यात एक टेकडी, टेकडीवर घोड्यावर बसलेला कुणी सरदार, हातातली काठी गावाकडे रोखलेली. भाऊ त्याला ‘काठीवाला’ म्हणत.

“हा लढत नाही बरं का,” ते मला म्हणाले. “हा दाखवतो. आपण याच्या मागे उभे आहोत, म्हणून आपल्यालाही तो म्हणेल तेवढंच दिसणार.”

चित्र बघायची त्यांची एक पद्धत होती. भिंग घ्यायचं आणि कोपऱ्यापासून सुरुवात करायची. मधल्या गावाकडे सगळ्यात शेवटी यायचं. कोपऱ्यात काय काय असायचं म्हणता? तंबूमागे भांडी घासणारी बाई, दात उपटून घेणारा शिपाई, आडोशाला बसलेला एक जण, हाडूक चघळणारं कुत्रं. “हेही बिचारे घरापासून लांब आलेले,” भाऊ म्हणायचे. मग चर, मग टोपल्या, मग तट. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर काढलेली, हे त्यांनीच मला समजावलं. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, मेणात सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा ॲसिडात सोडायचा. सुई फिरली असेल तिथे ॲसिड तांबं खातं. जास्त खाऊ दिलं की रेघ खोल जाते, छापताना काळी उमटते.

“जवळचं जास्त खायला द्यायचं, लांबचं कमी. हा नियमच आहे,” ते सांगायचे. “म्हणून बघा, हा पुढचा तोफवाला कसा काळाकुट्ट, आणि गाव कसं फिकं. ज्यांच्यावर वेळ आलीय तेच चित्रात सगळ्यात फिके. आतली माणसं तर नाहीतच. एक माणूस दाखवा मला त्या छपरांखाली.”

मी खरंच भिंग घेऊन शोधला. नव्हता.

आकाशातून गोळे चालले होते. त्यांच्या वाटा ठिपक्याठिपक्यांच्या कमानींनी काढल्या होत्या. एक गोळा अगदी मनोऱ्यावर आलेला. मी विचारलं, “हा पडला का हो पुढे?”

“कुणास ठाऊक. चित्र काढलं तेव्हा गाव उभं होतं, एवढं नक्की.”

“आणि वेढा उठल्याचं चित्र नाही का तुमच्याकडे?”

“नाही मिळत. चित्र काढून घेणारा नेहमी बाहेरचा. गाव पडलं तर तो चित्र काढून घेणार, दिवाणखान्यात लावणार. हात हलवत परत गेला तर कशाला काढून घेईल? वेढे उठलेत की पुष्कळ. त्यांची चित्रं नाहीत, एवढंच.”

चित्रांच्या कडेला ए, बी, सी अशी अक्षरं होती आणि खाली परक्या भाषेत त्यांचे अर्थ. ती भाषा भाऊंना ओ की ठो कळत नव्हती. पण अडतंय कुणाचं? “एफ म्हणजे भटारखाना,” ते छातीठोकपणे सांगत. पुढे त्यांच्या छापखान्यात आलेल्या एका पाद्रीबाबांनी वाचून सांगितलं की एफ म्हणजे जखमी लोकांना ठेवायची जागा. भाऊ म्हणाले, “मग काय झालं? जखमी माणूस जेवत नाही?”

“काढणारा कुठे उभा आहे ते आधी बघा.” हे त्यांचं पालुपद. चित्रापुरतं नव्हे, सगळ्यालाच. वर्तमानपत्र वाचताना, भांडण ऐकताना, कुणा आजोबांच्या गोष्टी ऐकतानासुद्धा. आमच्या गणपती मंडळाचे चिटणीस होते, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. त्यांच्या पुतणीला स्थळ आलं. मुलाकडच्यांनी आपल्या बंगल्याचा फोटो पाठवला, तो आळीभर फिरून भाऊंकडे आला. भाऊंनी भिंग लावलं. “फोटोवाला खड्ड्यात उतरून उभा आहे,” म्हणाले, “घर उंच दिसावं म्हणून. आणि दारासमोर एवढा खोल खड्डा म्हणजे ते गटार असणार.” मंडळी बघायला गेली तर घर बैठं आणि दारात गटार. तरी लग्न झालं आणि मुलगा हिऱ्यासारखा निघाला. हे भाऊंना फार लागलं. पुढे कुणी विषय काढला की म्हणायचे, “फोटोत मुलगा नव्हता. मी फोटोतलं सांगितलं.”

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या घरात इंदूवहिनी होत्या, भाऊंच्या पत्नी, आणि त्यांना क्षय झाला होता.

आज हा शब्द नुसता आजाराचा शब्द आहे. तेव्हा तसा नव्हता. वहिनी बरेच महिने आरोग्यधामात राहून घरी आल्या होत्या, त्या बऱ्या होऊन नव्हे, तर तिथे दुसऱ्याला खाट हवी होती म्हणून. डॉक्टरांनी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: पडून राहायचं, पोटभर खायचं, आणि खिडकी दिवसरात्र उघडी ठेवायची. म्हणून पुढच्या खोलीत, अंगणाच्या खिडकीला लागून त्यांची खाट. भाऊ सकाळी उठून स्वयंपाक करायचे, वहिनींची भांडी वेगळी उकळायचे, डबा घेऊन कामाला जायचे. दिवसभर एक लांबची मावशी येऊन बसायची, तीही दाराजवळ. मूलबाळ नव्हतं. आणि आळी? आळीतली माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. त्या घराजवळ आली की रस्त्याची पलीकडची कड धरायची, नाकाला पदर लावायची. भाऊ ओसरीवर असले तर मुद्दाम हाक मारायचे, “काय काकू, बरंय ना?” काकूंना पदराआडून उत्तर द्यावं लागे.

दिवाळीत मात्र लोक तिथे थांबायचे. तेही पलीकडच्या कडेलाच. आणि लांबून बोलायचं म्हणून चांगलं मोठ्यानं बोलायचे.

“अगं, बघितलेस किती तंबू? शत्रूच शत्रू सगळा.”

“महाराज नाहीतच की. हा कसला मेला किल्ला?”

शेवटी दादासाहेब आले. पलीकडूनच ओरडून म्हणाले, “तेंडोलकर, सणासुदीला दारात शत्रू मांडलात. घरात आजारी माणूस. बरं दिसतं का हे? निदान किल्ला फिरवा तरी.”

“दादासाहेब, तुम्ही कुठे उभे आहात?”

“कुठे म्हणजे? रस्त्यावर.”

“मग शत्रूच दिसणार. रस्ता त्यांच्या बाजूला आहे,” भाऊ म्हणाले आणि आत निघून गेले.

किल्ल्यांची बक्षिसं दादासाहेबच द्यायचे. ती कुणाला मिळाली नाहीत ते सांगायला नको. पाडव्याच्या संध्याकाळी पोरं आपापले किल्ले सुतळी बाँब लावून उडवायची, तशी दरवर्षी भाऊंच्या फाटकाशीही यायची. “भाऊ, उडवायचा का?” भाऊंचं उत्तर ठरलेलं: “नाही. वेढा चालू आहे.” दुसऱ्या दिवशी ते स्वतः एकेक तंबू उचलून मिठाईच्या खोक्यात कापसावर ठेवायचे.

मलाही तो विक्षिप्तपणाच वाटला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या दिवाळीच्या आधी वहिनींना नवीन औषध सुरू झालं, इंजेक्शनं आणि गोळ्या. त्याच सुमारास भाऊ एके सकाळी आमच्या दारात उभे. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत होती, आणि ती आमची होती.

“बाई, तुमच्या भिंतीवर थोडी कुमक ठेवू का?”

“काय ठेवू?”

“कुमक. वेढ्यातल्या लोकांच्या मदतीला येणारी फौज. फार नाही, लांबच आहे अजून.”

मी म्हटलं, ठेवा. त्यांनी भिंतीच्या माथ्यावर ओल्या मातीचा पट्टा दिला आणि त्यात बाजरीचे दाणे रोवले. लांबचं सैन्य चित्रात ठिपक्यांचंच असतं, म्हणाले. वहिनींना खिडकीतून दाखवलं. दाणे काही दिसत नव्हते, पण पट्टा दिसत होता. सगळं झकास झालं आणि भाऊ आंघोळीला गेले.

ते बाहेर येईपर्यंत चिमण्यांनी कुमक खाऊन टाकली होती.

बाजरी आणि चिमण्या, सांगा बघू, एवढा हुशार माणूस, इतकं कसं कळलं नाही? खिडकीतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. भाऊ ओल्या अंगानं, टॉवेल गुंडाळून, एकदा खिडकीकडे बघत होते आणि एकदा भिंतीकडे. एरवी शकुन-अपशकुन मानणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करणारा हा माणूस, पण त्या वेळी त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला मी बघितला. उबळ थांबली. वहिनी आतून म्हणाल्या, “अहो, मिरी लावा. मिरी खाणार नाहीत मेल्या.”

संध्याकाळपर्यंत भिंतीवर मिऱ्यांची फौज उभी राहिली. बाजरीपेक्षा मोठी, म्हणजे आणखी थोडी जवळ आलेली.

त्याच दिवाळीत मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले. फराळाचं ताट भिंतीवरून देणार होते, पण वहिनींनी खिडकीतून हाक मारली, “बाई, किल्ला बघायला येत नाही का? तिथून काय दिसतंय?” सासूबाई बघत होत्या. मी गेले. वहिनी म्हणाल्या, “इथे बसा, खाटेच्या कडेला. इथूनच दिसतो.” त्या स्वतः भिंतीकडे सरकल्या आणि तोंडाला रुमाल लावला.

मी बसले, आणि खिडकीतून बघितलं.

आतून तो किल्ला नव्हता, एक नांदतं गाव होतं. आरशाच्या तुकड्याचं तळं, तळ्याला घाट, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका. कोठारात खरे तांदूळ, दार मुद्दाम उघडं, भरलेलं दिसावं म्हणून. गच्चीवर एक बाई पापड वाळत घालतेय आणि तिची पोर काठी घेऊन कावळे हाकतेय. न्हावी आहे, देऊळ आहे, शाळा आहे, शाळेत छडी घेतलेली एक बाई. ती माझ्यासारखीच जाडी होती, हे मी लगेच ओळखलं. महाराज सदरेवर कुणाची तरी तक्रार ऐकत बसलेले, खरोखरच कामात. लांबच्या तटावर चार पहारेकरी, तेही सावलीत टेकलेले. तट खाटेवरून बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीचा. त्याच्या पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एक तंबू नाही, एक तोफ नाही. तटावरून थेट आमची भिंत दिसायची आणि तिच्यावर कुमक.

जगातल्या चित्रवाल्यांनी वेढा बाहेरून काढला. या माणसानं तो एका खाटेवरून दिसेल असा काढला होता, आणि त्यासाठी रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मला फार भरून आलं. त्या दिवसापासून मी भाऊ तेंडोलकरांना विक्षिप्त म्हटलं नाही, आणि कुणाला म्हणू दिलं नाही.

तिसरं वर्ष वाईट गेलं. गणपतीनंतर वहिनींना रक्त पडलं. डॉक्टर तपासून गेले आणि जाताना भाऊंना फाटकापाशी घेऊन हळू आवाजात बराच वेळ बोलले. डॉक्टर गेल्यावर भाऊ घरात गेले नाहीत. आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी चहा ठेवला, तो निवून गेला. मग म्हणाले, “बाई, यंदा माती जास्त लागणार.”

मला तेव्हा कळलं नाही. दिवाळीत कळलं. त्या वर्षी शत्रूची छावणी अंगणात मावेना. तंबूंच्या रांगा पार रस्त्यावर आल्या. चर तटाला जाऊन भिडले होते, टोपल्या तटापासून वीतभर अंतरावर. काठीवाल्याची टेकडी गुडघाभर उंच. डॉक्टर जे जे भाऊंच्या कानात सांगायचे ते भाऊ रस्त्याच्या बाजूला मांडायचे. कुणाजवळ तरी ते बोलायला हवं होतं ना माणसानं. घरात बोलता येत नव्हतं, म्हणून ते मातीत बोलत होते.

लोक थांबून थांबून बघत होते. “वेड लागलं हो याला,” एक जण म्हणाला. दादासाहेब तर रस्त्यावर उभे राहून गरजले, “तेंडोलकर, शत्रू रस्त्यावर आलाय तुमचा. उद्या बैलगाडी आली तर वाट लागेल.”

“येऊ दे बैलगाडी,” भाऊ म्हणाले. “तेवढे कमी होतील.”

मी आत गेले तेव्हा वहिनी फार उतरल्या होत्या. खिडकीबाहेरच्या गावात मात्र त्या वर्षी लग्न होतं. मांडव, पंगत, रुसून बसलेला नवरदेव. आमच्या भिंतीवर मिऱ्यांच्या जागी चिंचोके आले होते. वहिनी बघत पडल्या होत्या.

“बाहेर लोक बरेच थांबतात ना?” त्यांनी विचारलं.

“हो, बरेच.”

“काय म्हणतात?”

“छान आहे म्हणतात.”

“असं होय,” वहिनी म्हणाल्या आणि लग्नाकडे बघून हसल्या.

तो हिवाळा कसा गेला ते त्या दोघांनाच माहीत. भाऊ पत्ते खेळायला यायचे बंद झाले. पहाटे त्यांच्या घरातून भांडी उकळल्याची वाफ यायची, तेवढ्यावरून आम्ही समजायचो की सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी औषध वाढवलं. उन्हाळ्यात वहिनींचा ताप उतरला. पावसाळ्यात त्यांनी भाऊंशी भांडण केलं, भात कच्चा राहिला म्हणून. भिंतीपलीकडून मी ते ऐकलं आणि मला एवढा आनंद झाला की मी आमच्या ह्यांना जाऊन सांगितलं, “अहो, वहिनी भांडतायत.”

चौथ्या दिवाळीच्या तोंडावर छातीचा फोटो काढायचा होता. भाऊंनी किल्ला आधीच करून ठेवला होता. छावणी गेल्या वर्षीएवढीच, कारण फोटोत काय येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. पण भिंतीवर मातीचे घोडेस्वार आले होते, भाले उगारलेले, अगदी आमच्या भिंतीच्या टोकापर्यंत. फोटो आला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून भाऊंना दाखवला. भाऊंनी खिशातून भिंग काढलं आणि कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, “अहो, मधे बघा. साफ आहे.”

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही घाटकोपरला राहायला गेलो, मग गाठीभेटी कमी झाल्या. पण भाऊ म्हटलं की मला त्या चौथ्या दिवाळीतल्या पाडव्याची संध्याकाळच दिसते.

वहिनींनी अंगणात पाट मांडून भाऊंना ओवाळलं. इतकी वर्षं त्या खाटेवरून ओवाळायच्या. मी भिंतीवर पणत्या लावत होते. ओवाळून झालं आणि वहिनी म्हणाल्या, “मला किल्ला बाहेरून बघायचाय.”

“अगो, दव पडतंय. उद्या बघ, उजेडात.”

“एवढे दिवे लावलेत ते कशाला मग?”

“इंदू, बाहेरून काही बघण्यासारखं नाही.”

पण त्या चालायला लागल्या होत्या. किल्ल्याला वळसा घालून, साडी सावरत, फाटकातून रस्त्यावर आल्या. रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेल्या, जिथे उभं राहून सगळे बोलायचे बरोबर तिथे, आणि वळल्या. भाऊ मागे मागे गेले. टोपी काढली, परत घातली.

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मेले कितीक हे.”

“चित्रात असतात तसे केले. तशी पद्धत असते.”

“मला माहीत होतं.”

“कुणी सांगितलं? बाईंनी?” भाऊंनी माझ्याकडे डोळे वटारले.

“बाई कुठल्या सांगतायत. त्या छान छान म्हणायच्या. लोक इथे उभे राहून बोलायचे ते सगळं आत ऐकू यायचं. खिडकी उघडी ठेवायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना? कुठल्या वर्षी किती तंबू वाढले, टोपल्या कुठवर आल्या, सगळं मला कळायचं. गेल्या वर्षी दादासाहेब म्हणाले, शत्रू रस्त्यावर आला. तेव्हाच मी समजले, डॉक्टर तुम्हाला फाटकापाशी काय बोलले असतील ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही तिकडे माझ्यासाठी लग्न लावत होता. काय बोलू?”

भाऊ मटकन रस्त्याच्या कडेला बसले. इस्त्रीच्या कोटासकट, मातीत. मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही.

तेवढ्यात पोरं आली, हातात सुतळी बाँब आणि पेटती उदबत्ती. “भाऊ, उडवायचा का?”

वहिनीच म्हणाल्या, “नाही रे बाळांनो. वेढा उठलाय. ते घरी चाललेत, त्यांना घाबरवू नका.”

मग त्या खाली बसल्या आणि एक तंबू उचलला. भाऊ उठून आत गेले, मिठाईचं खोकं आणि कापूस घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. वहिनी तंबू, तोफा, शिपाई एकेक करून उचलत होत्या आणि भाऊ ते खोक्यात लावत होते. “सावकाश,” भाऊ अधूनमधून म्हणायचे, “टोपल्या मोडतील.” जे चित्र कुणी काढत नाही असं ते म्हणायचे, ते मी माझ्या भिंतीवरून बघत होते. सगळ्यात शेवटी टेकडीवरचा काठीवाला राहिला. वहिनींनी तो हातात घेतला, पणतीजवळ धरून नीट पाहिला, पदरानं त्याच्या घोड्यावरची धूळ पुसली आणि भाऊंकडे दिला.

“ह्याला वर ठेवा,” त्या म्हणाल्या. “दमला असेल.”